शिपायाची रोजकीर्द

इतिहास जेते लिहितात, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दुसऱ्या महायुद्धापुरते तरी हे वचन जरा घासून बघायला हवे. या युद्धात जर्मनी हरला, बेचिराख झाला, त्याचे दोन तुकडे झाले. पण जर्मनांनी या युद्धाबद्दल जेवढे लिहिले तेवढे कोणा पराभूतांनी क्वचितच लिहिले असेल. आधी सेनापतींनी लेखण्या उचलल्या. रणगाड्यांचा पुरस्कर्ता गुडेरियन, फील्ड मार्शल मानस्टाइन यांची आत्मचरित्रे १९५० च्या दशकात इंग्रजीतून जगभर गेली. सूर साधारण एकच. चुका हिटलरच्या, आम्ही आपली शिपाईगिरी केली, आणि ती निष्कलंक केली. सेनापतींच्या मागून मग खरेखुरे शिपाई आले. जर्मनीत पायदळातल्या साध्या सैनिकाला 'लांडझर' म्हणतात. याच नावाच्या युद्धकथांच्या स्वस्त पुस्तिका तिथे १९५७ पासून निघत होत्या, त्या २०१३ साली बंद पडल्या. एवढी वर्षे त्या चालल्या याचा अर्थ गिऱ्हाईक होते.

गिऱ्हाईक आपल्याकडेही आहे. वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' ठाऊक नसलेला माझ्या पिढीचा मराठी वाचक विरळाच. ते पुस्तक हिटलरला भस्मासुर म्हणते; पण त्याच्याच शेजारी, पदपथावरच्या ढिगाऱ्यात, हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतरही असते आणि तेही खपते. इंग्रजांशी लढला तो आपला, या न्यायाने आपण जर्मन सैन्याकडे थोड्या कौतुकाने बघत आलो. त्यांची शिस्त, त्यांचे रणगाडे, तो रोमेल! कट्ट्यावर या विषयाला रंग चढायला वेळ लागत नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी या साध्या शिपायांच्या आठवणी वाचतो आहे. जर्मन मला येत नाही, इंग्रजी भाषांतरांवर भागवतो. घरात या छंदाबद्दल फारसा उत्साह नाही. "सकाळच्या चहाबरोबर त्या उवा आणि ते बर्फ कशाला?" असे आमच्या सौभाग्यवती विचारतात. प्रश्न रास्त आहे. उवा आणि बर्फ यांनी ही पुस्तके खरोखरच भरलेली आहेत.

गी साजेरचेच बघा. अल्सास प्रांतातला पोरगा, बाप फ्रेंच, आई जर्मन. मिसरूड फुटायच्या वयात जर्मन फौजेत शिरला, रशियाच्या बर्फातून रसद नेणारे ट्रक हाकू लागला आणि पुढे 'ग्रोसडॉइचलांड' या नामांकित डिव्हिजनच्या पायदळात गेला. 'विसरलेला शिपाई' अशा अर्थाचे त्याचे पुस्तक १९६७ साली फ्रेंचमध्ये आले. १९४३ च्या पावसाळी शरद ऋतूत नीपर नदीच्या काठी पार होण्याची वाट बघत अडकलेली ती हजारो माणसे वाचकाच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. दुसरा गुंटर कोशोरेक. स्टालिनग्राडच्या धुमाळीत मशिनगन चालवणारा हा विशीतला तरुण कागदाच्या कपट्यांवर टिपणे करून ती ओव्हरकोटाच्या अस्तरात लपवीत असे. ती टिपणे पुढे हरवली आणि काही दशकांनी मुलीकडून परत मिळाली, तेव्हा कुठे १९९८ साली पुस्तक झाले. तिसरा गोटलोब बीडरमान, रणगाडाविरोधी तोफेवरचा. त्याने १९६४ साली आपले पुस्तक खाजगीरीत्या छापले ते फक्त आपल्या १३२ व्या डिव्हिजनच्या जुन्या सोबत्यांसाठी. दुनियेला ते इंग्रजीतून मिळाले २००० साली.

हिवाळा हेच या पुस्तकांतले मुख्य पात्र. १९४१ च्या जूनमध्ये तीस लाखांहून अधिक सैन्य रशियात घुसले ते थंडीआधी मोहीम आटपेल या हिशेबाने. आटपली नाही. डिसेंबरात गोबेल्सने रेडिओवरून जनतेकडे लोकरीचे कपडे आणि फरचे कोट मागितले! बुटांच्या तळाला लोखंडी खिळे, त्यांतून थंडी सरळ तळपायात उतरायची. त्या हिवाळ्यातून जगून निघालेल्यांना सरकारने एक पदक दिले, त्याला शिपायांनी नाव ठेवले 'थिजलेल्या मांसाचे पदक'. शिपाई कुठलाही असो, असली नावे ठेवण्यात तो पटाईत. मग त्या उवा, ते जुलाब, शेवटचा पाव कोणी खाल्ला यावरून जिवलग मित्रांत झालेली मारामारी, आणि घरून येणाऱ्या टपालाची वाट. पुढे १९७२ साली नोबेल मिळवणारा हाइनरिश ब्योल तेव्हा साधा पायदळी शिपाई होता. त्याची घरी लिहिलेली पत्रे छापली आहेत. त्यांत तो आईवडिलांकडे पेर्व्हिटिनच्या गोळ्या मागतो. झोप उडवणारे ते औषध म्हणजे आज ज्याच्यापायी माणसे तुरुंगात जातात तोच अमली पदार्थ. मुलगा मागतो आहे आणि घरचे पाठवताहेत, जणू चिवड्याचा डबा.

हे सगळे खरे वाटते, कारण ते खरेच आहे. साजेरच्या पुस्तकावर मात्र तज्ज्ञांनी शंका घेतल्या. त्याच्या डिव्हिजनच्या नावाची पट्टी उजव्या बाहीवर असे, तो डाव्या बाहीवर सांगतो. मग हा माणूस तिथे होता तरी का? त्याने उत्तर दिले की, मी इतिहास लिहिलेला नाही, जे भोगले ते लिहिले आहे. २०२२ साली तो वारला तोवर हा वाद मिटला नव्हता. (त्याचे खरे नाव गी मूमिनू, फ्रान्समध्ये तो व्यंगचित्रकार म्हणून ओळखला जाई.) कादंबरीकार म्हणून मला हा बाहीचा वाद कारकुनी वाटतो. बाही कोणती हे माणूस विसरू शकतो. भूक विसरत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. तेहतीस वर्षे बँकेत काढल्यावर एक गोष्ट हाडीमासी खिळली आहे. खोटी नोंद पकडणे तसे सोपे असते. बेरीज चुकते, सही जुळत नाही, व्हाउचर सापडत नाही. अवघड असते ती न केलेली नोंद पकडणे. रोजकीर्दीचे पान स्वच्छ असते, बेरीज बिनचूक असते, फक्त झालेला एक व्यवहार तिथे नसतोच. तो पकडायला ते पान कितीही वेळा वाचून उपयोग नाही, दुसरीकडचे कागद मागवावे लागतात.

ही पुस्तके वाचताना मी असे दुसरीकडचे कागद मागवू लागलो. या आठवणींत पहिल्या उन्हाळ्याच्या वर्णनात एक वाक्य हमखास येते. समोरून रशियन युद्धकैद्यांचा मैलोन्‌मैल लांब तांडा पश्चिमेकडे चालला होता. धुळीने माखलेले, तहानलेले, खालमानेने चालणारे. लेखकाला वाईटही वाटते. पुढच्या ओळीत आपली तुकडी पूर्वेकडे निघते. तांडा पुस्तकातून नाहीसा होतो. तो गेला कुठे? युद्धभरात जर्मनांच्या हाती सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक सापडले. त्यांतले सुमारे ३३ लाख मेले, बरेचसे उघड्या मैदानात तारेच्या कुंपणाआड, उपासमारीने आणि थंडीने. हा आकडा जर्मनीच्याच क्रिस्टियान श्ट्राइट या इतिहासकाराच्या १९७८ सालच्या संशोधनाने पुढे आणला. दर पाच कैद्यांमागे जवळजवळ तीन! आणि त्यांचा पहारा साध्या जर्मन फौजेकडे होता. दरवेळी ज्यांच्या माथी मारून मोकळे होता येते त्या काळ्या गणवेशाच्या एसएसकडे नव्हता.

बीडरमानची डिव्हिजन १९४२ मध्ये सेव्हास्तोपोलहून लेनिनग्राडच्या आघाडीवर आली. तिथला चिखल, डास, तोफांचा मारा यांची वर्णने अशा पुस्तकांतून येतात. वेढ्याच्या आतल्या बाजूला, १९४१ च्या नोव्हेंबरात, बहुसंख्य लोकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्यातही भुसा मिसळलेला. ८७२ दिवसांत त्या शहरात दहा लाखांच्या आसपास नागरिक मेले. बाहेर खंदकात बसलेल्या शिपायाला आतले दिसत नव्हते, हे मान्य. पण पुस्तक त्याने वीस-तीस वर्षांनी लिहायला घेतले तेव्हा तर सारे छापून आलेले होते.

आणखी एक गोष्ट भाषेची. ज्या पानांवर लेखकाला थंडी वाजते, भूक लागते, मित्र मरतो, तिथे 'मी' असतो, 'आम्ही' असतो. गावे जळू लागली की 'मी' अंतर्धान पावतो. गाव जाळण्यात आले. गुरे ताब्यात घेण्यात आली. संशयितांना गोळ्या घालण्यात आल्या. ही '-ण्यात आले'ची भाषा सरकारी पत्रके वाचणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. इन्स्पेक्शन रिपोर्टातही ती असते. रक्कम चुकीच्या खात्यात जमा करण्यात आल्याचे आढळून आले. कोणी केली? ते वाक्यात नाही. ज्या रकमेचा धनी कळत नाही ती बँकेत उचंत खात्यात टाकतात. या आठवणींतली जळालेली गावे अशीच उचंत खात्यात पडून आहेत.

यावर एक आक्षेप माझ्या तरुण मित्रांकडून येतो. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, वरून हुकूम, नाही म्हटले तर छातीत गोळी. त्याने करायचे काय? आक्षेपात तथ्य आहे. जर्मन लष्करी न्यायालयांनी पळून जाणे आणि तत्सम आरोपांवरून आपलेच पंधरा हजारांहून अधिक सैनिक ठार केले. त्यांच्यावरचा पळपुटेपणाचा ठपका जर्मन संसदेने पुसला तो २००२ साली! तेव्हा या पुस्तकांतली भीती खोटी नाही. पण निःशस्त्र माणसांवर गोळी झाडायला नकार दिला म्हणून कोणा जर्मन सैनिकाला मृत्युदंड झाल्याचे एकही खात्रीलायक प्रकरण युद्धोत्तर खटल्यांत पुढे आले नाही, हेही तितकेच खरे. बदली होई, टोमणे बसत, बढती अडे. जीव जात नसे.

ज्याचा गेला त्याची गोष्ट निराळी. आन्टोन श्मिड हा व्हिएन्नाचा, रेडिओच्या दुकानाचा मालक, फौजेत सार्जंटच्या हुद्द्यावर विल्नियसमध्ये होता. भरकटलेल्या शिपायांना त्यांच्या पलटणींकडे परत पाठवण्याचे कार्यालय त्याच्याकडे होते. त्याने त्या कार्यालयाचे कागद आणि ट्रक वापरून कितीतरी ज्यूंना मृत्यूच्या तावडीतून बाहेर काढले. पकडला गेला आणि एप्रिल १९४२ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. आठवणी लिहायला तो उरलाच नाही. बायकोला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्याने आपल्या कृत्याची फुशारकी मारलेली नाही, माणूस म्हणून वागलो एवढेच तो सांगतो. वाचनालयातल्या या विषयाच्या कप्प्यात जी पुस्तके आहेत ती वाचलेल्यांची आहेत, आणि त्यांतलीही लिहावेसे वाटलेल्यांची. हे वाचकाने मनात ठेवलेले बरे.

शिपाई आपसांत काय बोलत होते हे कळायला जगाला फार वाट बघावी लागली. इंग्रजांनी युद्धकैद्यांच्या खोल्यांत चोरून मायक्रोफोन बसवले होते. त्या संभाषणांच्या टंकलिखित प्रती झ्योंके नाइट्झेल या जर्मन इतिहासकाराला २००१ साली लंडनच्या दप्तरखान्यात सापडल्या. त्यांवर त्याने आणि हाराल्ड वेल्त्सरने २०११ मध्ये पुस्तक केले. मी ते दोन बैठकांत वाचले आणि मग काही दिवस दुसरे काही वाचू शकलो नाही. त्यांत क्रूरकर्मा राक्षस नाहीत. चार माणसे कामावरच्या गप्पा मारताहेत, अमुक गावात असे केले, तमुक विमानातून तसे. मध्येच कोणी हसतो. हीच माणसे पुढे नातवंडांसाठी लिहायला बसली असती तर त्यांनी थंडीबद्दलच लिहिले असते.

नातवंडे आणि मुले यांनी शेवटी विचारलेच. १९९५ च्या मार्चमध्ये हाम्बुर्गच्या समाजसंशोधन संस्थेने जर्मन फौजेच्या गुन्ह्यांचे प्रदर्शन भरवले. त्यातली बरीच छायाचित्रे शिपायांनी स्वतःच हौसेने काढलेली होती. चार वर्षांत ते जर्मनी-ऑस्ट्रियाच्या शहरांतून फिरले, सुमारे आठ लाख लोकांनी पाहिले. म्युनिकमध्ये विरोधात मोर्चे निघाले. काही फोटोंखालची माहिती चुकीची निघाली, ते मृतदेह सोव्हिएत पोलिसांच्या बळींचे होते. म्हणून १९९९ मध्ये आयोजकांनी प्रदर्शन मागे घेतले, इतिहासकारांकडून तपासून घेतले आणि २००१ साली नव्याने मांडले. मुख्य निष्कर्ष कायम राहिला. चूक निघाल्यावर सगळेच बाड गुंडाळून न ठेवता पुन्हा हिशेब मांडणे, हे मला त्या प्रदर्शनाइतकेच महत्त्वाचे वाटते.

या लांडझरांशी आपली माणसेही समोरासमोर भिडली होती, हे आपण कट्ट्यावरच्या गप्पांत विसरतो. इटलीत तीन भारतीय डिव्हिजन लढत होत्या. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, वय बावीस, मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी जर्मन मशिनगनच्या माऱ्यात सापडली, सोबती पडले. ते एकटेच चालून गेले, हातबॉम्बने ती मशिनगन बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा लढाईतून सातारा, नगर, कोकणच्या गावांत परत आलेल्या हजारोंपैकी ज्यांनी आठवणी लिहिल्या असे किती? पेन्शनचे कागद आहेत, पदके आहेत, गावच्या वेशीवर नावांची पाटी आहे. जर्मन शिपाई शाळा शिकलेला होता, त्याला लिहिता येत होते, छापणारे होते आणि पुढे इंग्रजीत करणारेही मिळाले. म्हणून त्याच्या पायाला बसलेला गारठा आपल्याला पाठ असतो, आणि आपल्या तालुक्यातल्या माणसाचे त्या डोंगरात काय झाले ते सन्मानपत्रातल्या चार ओळींवरून ओळखावे लागते.

सगळ्याच जर्मन शिपायांनी ती नोंद टाळली असे मात्र नाही. हेन्री मेटेलमान हा रेल्वे कामगाराचा मुलगा. बाप समाजवादी विचारांचा, पोरगा हिटलर युवक संघटनेत. तो रणगाडा चालवीत होता. क्रिमियात काही रशियन आपल्या जखमी सोबत्याला उचलून नेत असताना समोर आले. ते त्याला खाली ठेवून पळाले. वाट अरुंद होती. मेटेलमान थांबला. वरून हुकूम आला, पुढे चल. तो पुढे गेला. हे त्याने स्वतः, 'मी' म्हणून लिहिले आहे, १९९० साली. युद्धानंतर तो इंग्लंडमध्ये स्थायिक झाला, रेल्वेत सिग्नलमन होता, नंतर एका शाळेच्या मैदानाची निगा राखायचा. २०११ साली वारला. तोवर युद्धाविरुद्ध बोलत असे, तरुण मुलांपुढे तर विशेषच.

आणि विली पेटर रीसे. या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो हा. तो ड्युइसबुर्गच्या एका बँकेत उमेदवार होता, हे कारण थोडेफार असेलच. चष्मेवाला, पुस्तकी, कविता करणारा, नाझींबद्दल मनातून तिरस्कार असलेला. विसाव्या वर्षी गणवेश चढवला आणि १९४१ च्या उत्तरार्धात रशियाला पोचला. जखमी झाला, परतला, पुन्हा गेला. १९४४ च्या सुरुवातीला रजेवर घरी आला असताना त्याने सारे सलग लिहून काढले. थंडी, उवा, भूक, सगळे त्यातही आहे. पण माघार घेताना पेटवलेली गावे तो 'आम्ही पेटवली' म्हणतो. उपाशी शेतकरणीच्या घरातले शेवटचे खाणे 'आम्ही' खाल्ले म्हणतो. दारूच्या नशेत रशियन बंदिवान स्त्रियांची 'आम्ही' काय विटंबना केली तेही तो लपवत नाही. रविवारच्या पानावर ते देण्यासारखे नाही. एका कवितेत तर ज्यूंच्या हत्याही तो 'आम्ही'च्याच खात्यावर टाकतो. तो स्वतःला माफ करीत नाही आणि फटकेही मारून घेत नाही. आपण कोण होतो आणि काय होत चाललो आहोत याची तो केवळ नोंद करतो. वाचताना अंगावर काटा येतो, कारण नोंद करणारा हात सुसंस्कृत आहे. काही ठिकाणी त्याची भाषा फार फुलते, नको तिथे निसर्गवर्णन करते. तेवीस वर्षांच्या कवीकडून आणखी काय अपेक्षा करायची?

रजा संपली. तो आघाडीवर गेला आणि १९४४ च्या जून अखेरीस व्हितेब्स्कजवळ, रशियनांच्या मोठ्या चढाईत, बेपत्ता झाला. त्याचे प्रेत मिळाले नाही. हस्तलिखित आईपाशी होते. तिने ते जपले. पुढे ते नात्यातल्या एका बाईंकडे आले आणि त्यांच्याकडून एका पत्रकाराच्या हाती पडले. २००३ साली ते छापून निघाले तेव्हा विली रीसे हयात असता तर ब्याऐंशी वर्षांचा असता, आणि बँकेच्या पेन्शनवर निवांत बसला असता.